मऊताईने मर्यादा ओलांडली

पाळणाघरातल्या मुलांनी तिचं नाव मऊताई ठेवलं होतं. तिच्या मांडीवर डोकं टेकलं की झोप लागते, एवढंच त्यामागचं कारण. मोठ्या माणसांचा मात्र या नावामुळे तिच्याबद्दलचा अंदाज चुकायचा.

ती मधल्या खोलीची ताई. म्हणजे धड चालायला लागलेली, पण अजून शी-शू वेळेवर न सांगणारी मुलं तिच्याकडे. छोटे छोटे हात नळाखाली धरायचे, चावणाऱ्याला ज्याला चावलं त्याच्यापासून लांब बसवायचं, आठ गाड्या समोर असताना एकाच लाल गाडीवरून पेटलेलं भांडण मिटवायचं, आणि दुपारी पडदे ओढून सगळ्यांना थोपटून झोपवायचं. तिची स्वतःची मुलगी भिंगरी त्याच खोलीत होती. एका जागी थांबत नाही म्हणून भिंगरी. खोलीत असताना ती आईला इतरांसारखंच मऊताई म्हणायची आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'आई'. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता, तिनेच काढला होता.

मऊताईचा नवरा बेकरीची गाडी चालवायचा. दोघांच्या पगारात घर चालायचं, आणि पाळणाघराची फी जमायची ती सरकारी सवलतीमुळे. आई आणि बाप दोघंही कामावर जात असतील तर फीचा मोठा भाग सरकार भरायचं आणि उरलेला थोडा त्यांनी भरायचा. अट एकच. घरातल्या सगळ्यांचं मिळून उत्पन्न ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये.

त्या वर्षी मऊताईने बालसंगोपनाचा अभ्यासक्रम पुरा केला. काम संपल्यावर वर्गाला जायचं, सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्या उभ्या वाचायचं, असं वर्षभर चाललं. ती पास झाली. पाळणाघराच्या मुख्य, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी तिला खोलीप्रमुख केलं आणि पगारही थोडा वाढवून दिला. त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच्या पैशाने आइस्क्रीम आणवलं आणि सुनेच्या वाटीत आपल्यातलंही घातलं.

आइस्क्रीमची चव जिभेवर आहे तोवरच सवलत कार्यालयातून बोलावणं आलं.

खिडकीमागचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने तिची फाइल उघडली, संगणकाच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मर्यादा ओलांडलीत."

तो ज्या सुरात म्हणाला त्या सुराने मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी माना वर करून तिच्याकडे पाहिलं.

"कितीने?" तिने विचारलं.

त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

"एवढ्याशाने? एवढ्यात माझ्या मुलीचा एक बूट येईल. एकाच पायाचा."

"एक दमडी वर गेली तरी वरच."

"आणि सवलत किती कमी होणार?"

"कमी नाही होणार. बंद होणार. पुढच्या महिन्यापासून."

"म्हणजे वाढले मूठभर आणि गेले पोतंभर. अहो, थोडी थोडी कमी करत न्या ना. पगार वाढेल तशी."

"तसा पर्यायच नाही इथे. एक तर आत, नाहीतर बाहेर." मग आजूबाजूला बघून त्याने आवाज खाली केला. "एक सांगू का? बरेच जण करतात. महिन्यातून एखाददुसरी बिनपगारी रजा टाकायची. पगार कमी दिसतो. की परत आत."

मऊताईने विचारलं, "मला कामावर जाता यावं म्हणून ही सवलत आहे ना?"

"हो."

"आणि ती मिळावी म्हणून मी कामावर जायचं नाही?"

कारकुनाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "माझ्या हातात काही नाही हो, ताई," तो म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता.

घरी आल्यावर तिने घडलं ते सांगितलं. सासूबाई सोफ्यावर गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या. त्यांना अर्धंच ऐकू गेलं. "मर्यादा ओलांडलीस? अगं, काय केलंस काय तू?" नवऱ्याच्या कपातला चहा हसताना शर्टावर सांडला. हसून झाल्यावर मात्र तिघांनी हिशोब मांडला: पूर्ण फी भरायची तर तिचा जवळजवळ सगळा पगार तिथेच जाणार होता. दुसऱ्यांची मुलं सांभाळून जे मिळेल ते स्वतःचं मूल तिथे ठेवण्यासाठी त्याच गल्ल्यात परत टाकायचं.

नवरा म्हणाला, "वरच्या मजल्यावरच्या टेलरने काय केलंय माहितीये? कागदोपत्री तो बायकोपासून वेगळा राहतो. त्यामुळे तिचं उत्पन्न एकटीचं. सवलत चालू."

"आणि खरोखर?"

"खरोखर त्यांना तिसरं होतंय."

पुन्हा हसू फुटलं. पण नवरा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय आहे ते तिला कळलं.

"आणि तू कुठे राहणार? कागदावर?"

"बेकरीच्या गोदामात. पत्ता तर आहे."

"नाही," ती म्हणाली. "मी तुला घराबाहेर काढणार नाही. कागदावरसुद्धा नाही. आपण कुणाचं काही चोरलेलं नाही. माझा पगार वाढलाय. त्याची लाज मी का वाटून घेऊ?"

"अगं, लाज कोण म्हणतंय? चार पैसे वाचवायचं बघतोय मी."

"मला कळतंय रे. पण उद्या कुणी दारात येऊन विचारलं तर भिंगरी काय सांगेल? बाबा गोदामात राहतात?"

त्याने विषय सोडला. खरं तर त्यालाही ती कल्पना आवडली नव्हती. फक्त कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं.

मोठ्या बाईंनी आणखी एक वाट सुचवली. मनाने त्या चांगल्या होत्या, पण वर संस्थेचं मंडळ बसलेलं, आणि मंडळाच्या धाकात त्यांचा अर्धा जन्म गेलेला. "असं करू," त्या दार लोटून म्हणाल्या, "तुझा नवा हुद्दा सध्या राहू दे. जुन्याच पगारावर दाखवते. काम तर तू करतेच आहेस."

"म्हणजे काम खोलीप्रमुखाचं आणि पगार जुना?"

"तुझ्याच भल्यासाठी म्हणते मी."

"बाई, माझ्या भल्यात सगळ्यांचाच फायदा होतोय. सरकारचा, संस्थेचा. एक मी सोडून." ती हे शांतपणे म्हणाली, पण दारातून बाहेर पडताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

पुढच्या महिन्यापासून भिंगरी आजीपाशी राहू लागली. मधल्या खोलीतली तिची जागा प्रतीक्षायादीतल्या एका मुलाला मिळाली. तो एक गोबरा, सदा शेंबडा मुलगा होता, आणि त्याचा राग करणं मऊताईला जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या मांडीवर झोपला.

एका दुपारी सासूबाई वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या. भिंगरीने आतून दार ढकललं आणि नव्यानेच हाताला येऊ लागलेली कडी सरकवली. गॅसवर दूध तापत होतं. सासूबाई काचेवर हात आपटून ओरडत होत्या आणि भिंगरीला तो खेळ वाटला. तीही आतून काचेवर हात आपटून खिदळत होती. मग दूध उतू जाऊन करपलं, भांडं काळं पडलं, घरभर धूर झाला आणि भिंगरी खोकायला लागली. नशिबाने त्या दिवशी नवऱ्याची फेरी लवकर संपली होती. त्याने दार उघडलं, गॅस बंद केला आणि मुलीला उचललं. कुणाला काही इजा झाली नाही.

संध्याकाळी मऊताई घरी आली तेव्हा सासूबाई पलंगाच्या कडेवर बसून होत्या. रडून त्यांचा चेहरा सुजला होता.

"माझ्याच्यानं नाही होत गं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण लाज वाटली. नातीला सांभाळता येत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगू?"

"आई, तुमची काहीच चूक नाही."

"मग कुणाची?"

मऊताईने त्या काळ्या पडलेल्या भांड्याकडे पाहिलं. ज्या वेळी ते करपत होतं त्या वेळी ती दुसऱ्यांच्या सहा मुलांना पडदे ओढून थोपटत होती. "ते बघते मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भिंगरीला कडेवर घेऊन कामावर गेली. तिचा छोटा कोट मोकळ्या खुंटीला अडकवला, हात धुवून दिले आणि बाकीच्या मुलांत नेऊन बसवलं.

मोठ्या बाई धावतच आल्या. "हे काय? एका ताईमागे सहा मुलं, हा नियम आहे. ही सातवी झाली. तपासणी आली तर खोलीला टाळं लागेल."

"मग हिला मी कुठे ठेवू?"

"ते मी कसं सांगू?"

"तुम्ही नाही, कार्यालय नाही, कुणीच सांगत नाही. म्हणून हिला तिथे ठेवलं जिथे मला दिसेल."

"आजच्या दिवस चालवून घेते," बाई म्हणाल्या. "उद्या नाही."

मऊताई उद्याही तिला घेऊन आली, आणि परवाही. मोठ्या बाई रोज 'उद्या नाही' म्हणायच्या आणि जेवणाच्या वेळी भिंगरीच्या ताटलीत गुपचूप केळं ठेवायच्या. शेवटी हे मंडळाच्या कानावर गेलं. मंडळाने कळवलं, मुलीशिवाय या, नाहीतर येऊ नका.

कोट टांगायच्या खोलीत, छोट्या छोट्या बुटांच्या रांगेपाशी उभं राहून तिने हे बाकीच्या दोघींना सांगितलं. एक लांबताई, तान्ह्या मुलांच्या खोलीची, इतकी उंच की पाळण्यात वाकताना तिची कंबर बोलायची. दुसरी शिट्टी, मोठ्या गटाची, वयाने सगळ्यांत लहान. ती काम करताना शिट्टी वाजवायची.

"उद्या मी येणार," मऊताई म्हणाली. "हिला घेऊनच. फाटकातून आत घेतलं नाही तर फाटकात उभी राहीन. तुम्ही माझ्यासाठी काही करा असं मी म्हणत नाही."

लांबताई बराच वेळ एका बुटाचा बंद बांधत राहिली. तो बूट कुणाच्याच पायात नव्हता. मग म्हणाली, "मला तू विचारलं होतंस ना, अभ्यासक्रमाला माझ्याबरोबर का येत नाहीस? मी म्हटलं, कंटाळा येतो. कंटाळा नव्हता गं. पास झाले तर पगार वाढेल आणि जुळ्यांची सवलत जाईल म्हणून नाही आले. आणि इतकं करूनही गेल्या वर्षी नवऱ्याला ओव्हरटाइम मिळाला आणि गेलीच सवलत. आता दोघंही शेजारणीकडे टीव्हीसमोर असतात दिवसभर. टीव्ही बंद केला की रडतात." ती उभी राहिली. "मी पण आणते उद्या दोघांना."

दोघींनी शिट्टीकडे पाहिलं. "तू यात पडू नकोस," मऊताई म्हणाली. "तुला कुठे मूल आहे?"

"आज नाही. पण कधी होणारच नाही असं कुठे लिहिलंय का?" शिट्टी म्हणाली. "आणि तुम्ही दोघी बाहेर असताना मी आत एकटी काय करू, अठरा जणांचं नाक पुसू?"

सकाळी तिघी फाटकात उभ्या राहिल्या. लांबताईच्या दोन्ही हातांना जुळी, मऊताईच्या कडेवर भिंगरी. रात्रभर मऊताईला वाटत होतं, पालक आले की सगळ्यांत आधी आपल्यावरच तुटून पडतील. ज्या लोकांची मुलं आपण जिवापाड सांभाळली त्यांचीच बोलणी खावी लागतील. नोकरी गेली तर ती वेगळीच.

पालक येऊ लागले. मोठ्या बाईंनी दार उघडलं, पण मुलांना आत घेता येईना. एका ताईमागे सहा हा नियम, आणि आत ताईच नाही. ज्या नियमाने भिंगरीला बाहेर काढलं होतं त्याच नियमाने आता अठरा मुलं बाहेर राहिली. फाटकाबाहेर बाबागाड्या, दप्तरं, रडणारी आणि न रडणारी मुलं यांची गर्दी झाली.

"काय चाललंय काय?" टाय लावलेला एक बाप ओरडला. "मी पूर्ण फी भरतो. एका पैशाची सवलत घेत नाही. तुमच्या भांडणात माझं मूल का?"

मऊताई पुढे झाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "तुमचा मुलगा माझ्या खोलीत आहे. त्याला दुपारी झोपताना उजव्या कानाची पाळी धरायला लागते. मी रोज धरू देते. पण माझी मुलगी घरात कोंडली गेली तेव्हा मी इथे होते. माझा पगार जरासा वाढला म्हणून तिला इथून काढलं. मी काम कमी करावं, नाहीतर नवऱ्याला सोडल्याचं खोटं लिहावं, नाहीतर जुन्या पगारावर राबावं, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी यातलं काहीच करणार नाही. मी काम करणार, पूर्ण पगार घेणार आणि माझी मुलगी इथेच वाढणार. तुम्हाला राग आला असेल तर माझ्यावर काढा. पण नंतर तोच राग त्या कार्यालयातही घेऊन जा."

मग मागून एक बाई पुढे आली. रात्रपाळी करून आलेली नर्स, अंगावर अजून हॉस्पिटलचा गणवेश, कडेवर पेंगुळलेली मुलगी.

"मी दोन वर्षं वॉर्डप्रमुख व्हायला नाही म्हणतेय," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगते, जबाबदारी नको. खोटं आहे ते. मला हवी आहे ती. पण झाले तर हिची सवलत जाते."

तिच्या शेजारच्या एकीने हळूच सांगितलं की ती पगारातला काही भाग रोखीने घेते. दुसरा एक जण म्हणाला, भाऊ त्यांच्या घरी राहतो, पण ते कुणाला कळू देत नाहीत, त्याची कमाई धरतील म्हणून. टेलरची बायकोही तिथे होती, पोटावर हात ठेवून. ती नुसती लाल झाली. इतकी वर्षं हे सगळे रोज सकाळी एकमेकांना हसून हात करत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की अंग चोरून जगणारे आपण एकटेच.

"मग आपण सगळेच वाकून उभे होतो की," बसड्रायव्हर असलेला एक बाप म्हणाला. त्याच्या बसची वेळ होत आली होती. त्याने मुलाला खांद्यावर घेतलं. "मी याला बसमध्ये नेतो. साहेबांनी विचारलं तर सांगेन, पाळणाघर बंद आहे आणि बरोबरच बंद आहे." आणि तो खरोखरच मुलाला घेऊन गेला. दुपारी कळलं की पोराने सगळ्या थांब्यांवर घंटा वाजवली आणि एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही.

टायवाला मात्र निघाला नाही. फोनवर कुणाशी तरी तावातावाने बोलत होता. मऊताईला वाटलं, आता पोलीस. पण तो मंडळाच्या अध्यक्षांना झापत होता. "तुमच्या ताया बाहेर उभ्या आहेत आणि तुम्ही घरी पेपर वाचताय? आधी इथे या!"

मधेच नवऱ्याची गाडी येऊन थांबली. फेरीवरून वाट वाकडी करून तो आला होता. त्याने न विकले गेलेले पाव भरलेली टोपली फाटकापाशी ठेवली, भिंगरीच्या केसांवरून हात फिरवला, बायकोकडे बघून म्हणाला, "घट्ट उभी राहा," आणि निघून गेला. मुलांनी टोपलीचा फडशा पाडला.

अध्यक्ष दुपारच्या आत आले. म्हातारे, स्वच्छ दाढी केलेले, घाईत स्वेटर उलटा घातलेले. बोलणी जेवणाच्या खोलीत झाली. तिथे सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या. अध्यक्ष एका पिवळ्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. तशा अवस्थेत माणसाला फार वेळ रुबाब दाखवता येत नाही.

"तुम्ही संस्थेची अडवणूक करताय," ते म्हणाले.

"आम्ही तीन जणी आहोत म्हणून संस्था आहे," मऊताई म्हणाली. "आज सकाळी ते सगळ्यांनी पाहिलं."

"सवलत आम्ही बंद केलेली नाही. ते सरकार आहे."

"बरोबर. पण जागा तुमच्याकडे आहे. कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलतीच्या दरात घ्या. आणि एक मदतनीस ठेवा, म्हणजे सहाचा नियमही मोडणार नाही."

"मदतनिसाचा खर्च?"

आजवर गप्प बसलेल्या मोठ्या बाई खाकरल्या. "गेल्या तीन वर्षांत चार ताया सोडून गेल्या," त्या म्हणाल्या. "चौघींनाही स्वतःचं मूल झालं म्हणून. दर वेळी नवी माणसं शोधा, शिकवा, तोवर खोली बंद ठेवा. तो खर्च आपण कधी धरलाच नाही." बोलून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्यासारख्या दिसल्या. मंडळासमोर त्या पहिल्यांदाच न विचारता बोलल्या होत्या.

अध्यक्षांनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. शिट्टीने ती मागून ओढून काढली, अगदी गंभीर चेहऱ्याने.

मंडळाने मागणी मान्य केली. पण त्या दिवसाचा पगार कापला. लांबताई चिडली, तर मऊताई म्हणाली, "कापू दे. कामावर आलो नाही ते खरंच आहे. एका दिवसाचा कापला, रोजचा नाही." दुसऱ्या दिवसापासून भिंगरी आणि जुळी रीतसर आत आली.

मऊताई तिथेच थांबली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. नवराही म्हणाला, "झालं ना आपलं काम?"

"आपलं झालं," ती म्हणाली. "नर्सचं कुठे झालं?"

मग ती, नर्स आणि बसड्रायव्हर यांनी सवलत कार्यालयात अर्ज दिला. मागणी साधी होती. पगार वाढला की सवलत एकदम तोडू नका, पायरीपायरीने कमी करा. कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "हे वर जाईल."

"वर म्हणजे कुठे? पत्ता द्या."

त्याने दिला. पत्ता लिहिताना तो हसत होता, असं नर्सने नंतर सांगितलं.

वरच्या कार्यालयात त्यांची सुनावणी लागली ती नेमकी पाळणाघराच्या सुट्टीच्या दिवशी. लांबलचक टेबलामागे तीन अधिकारी. समोर सात-आठ पालक आणि त्यांची दहा-बारा मुलं. कुणी टेबलाखाली शिरलं, कुणी पाण्याचा ग्लास उपडा केला. भिंगरी खोलीभर गोल गोल फिरत होती.

मधल्या अधिकारी बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "मुलांना बाहेर ठेवून या. असं कामकाज होणार नाही."

"कुणापाशी ठेवू?" मऊताईने विचारलं.

प्रश्न तिने टोमणा म्हणून विचारला नव्हता. पण टेबलाच्या टोकाला बसलेल्या अधिकाऱ्याने खाली बघून ओठ दाबले.

"बोला," बाई म्हणाल्या. "मुलं असू द्या."

ती बोलली. उपडा झालेला ग्लास उचलत, एकाचं नाक पुसत, वाक्य न तोडता. कारकुनाने दिलेला रजेचा सल्ला, नर्सची नाकारलेली बढती, लांबताईने न केलेला अभ्यासक्रम, करपलेलं दूध. "तुम्ही रेघ मारली ती आमच्या मदतीसाठी मारली असेल," ती म्हणाली. "पण त्या रेघेखाली राहायला आम्ही कमी काम करतो, कमी शिकतो, खोटं बोलतो. आणि जो खरं बोलतो त्याचं मूल घरात कोंडलं जातं. आम्ही दान मागत नाही. आम्ही कर भरतो, आणि आमचा पगार वाढला तर जास्त भरू. आम्हाला वाढू तर द्या."

अधिकारी बाईंनी काही वचन दिलं नाही. टिपून घेतलं आणि पुढची सुनावणी बोलावली.

उत्तर यायला हिवाळा आणि उन्हाळा गेला. नियम बदलला होता. मर्यादा ओलांडली तरी चालू वर्षभर सवलत पूर्ण राहणार, आणि पुढच्या वर्षी अर्धी. त्यानंतर बंद. पायरीपायरीने नाही, पण एका झटक्यातही नाही. नर्सने त्याच आठवड्यात वॉर्डप्रमुखाची जागा स्वीकारली. लांबताईने अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि पहिल्याच चाचणीत नापास झाली, तरी जात राहिली. भिंगरी मात्र तोवर शाळेत जायच्या वयाची झाली होती. नव्या नियमाचा तिच्या आईला काडीचाही उपयोग नव्हता.

सासूबाईंनी चष्म्यातून ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. "एवढी दगदग केलीस आणि तुझ्या पदरात काय पडलं?"

"आई, लांबताईच्या जुळ्यांना शाळेत जायला अजून एक वर्ष आहे. आणि टेलर आता कागदावरसुद्धा घरी राहायला येऊ शकतो."

नवरा हसला. "म्हणजे आता तरी तुझं समाधान झालं ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिने नर्सला फोन लावला. पलीकडे वॉर्डातली गडबड ऐकू येत होती.

"वाचलंस? अर्धं दिलंय त्यांनी."

"वाचलं. मी पेढेबिढे काही वाटणार नाहीये हं."

"वाटूच नकोस. उरलेल्या अर्ध्यासाठी कधी जायचं?"

नर्सने कुणाला तरी सलाइन बदलायला सांगितलं, मग क्षणभर विचार केला. "सोमवारी माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "मुलांना घेऊनच जाऊ."